भिंत होती तिथली पट्टी

साल्बियाहच्या धाकट्या बहिणीने नव्या घरातली भिंत पाडली ती एका मंगळवारी सकाळी साडेनऊला, आणि नऊ पस्तीसला तो पराक्रम घरच्या ग्रुपवर येऊन पडलासुद्धा. तीन फोटो. पहिल्यात भिंत, दुसऱ्यात धूळ, तिसऱ्यात डोक्यावर पिवळी टोपी घालून हसणारी हसलिंडा, घरच्यांची लिन. खाली मावश्या, मामेभाऊ, भाच्या, सगळ्यांचे अंगठे आणि फुलं. साल्बियाह तेव्हा सिंगापुरात बेडोकच्या आपल्या फ्लॅटमध्ये मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत बसली होती. तिने फोटो दोन बोटांनी मोठे करून पाहिले, पुन्हा लहान केले, पुन्हा मोठे केले, आणि कुणी काही विचारलेलं नसताना नवऱ्याला म्हणाली, "भिंत पाडण्यात काय मोठंसं? भूकंपही पाडतो."

झैनालने पेपरातून डोकं काढलं नाही. "लिननं परवानगी काढून पाडली असेल."

"तुम्ही गप्प बसा, बांग." नवऱ्याला ती बांगच म्हणायची.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. साल्बियाह काही वाईट बाई नव्हती. वडील गेले तेव्हा ती बावीसची आणि लिन दहाची. लिनच्या वेण्या तिने घातल्या, लिनच्या शाळेत तीच गेली, लिनच्या लग्नाचा पोशाख रात्रंदिवस बसून तिनेच शिवला. दुसऱ्या कुणाची भरभराट तिला एक वेळ पचायची. लिनची पचत नसे. आपण बोट धरून चालवलेलं पोर आपल्यालाच मागे टाकून पुढे चाललेलं पाहायचं म्हणजे पोट मोठं लागतं, आणि साल्बियाहचं पोट याच एका बाबतीत फार लहान होतं.

त्यातून प्रश्न नुसत्या भिंतीचा नव्हता. ईदचा होता. ईदचा पहिला दिवस गेली अठरा वर्षं साल्बियाहच्या घरी होत आला होता, कारण एमाक तिच्याकडे राहायची आणि आई जिथे तिथे पहिला दिवस, हा सरळ हिशेब. सकाळी नमाज झाली की चाळीस-पंचेचाळीस माणसं तिच्या त्या जुन्या फ्लॅटमध्ये शिरत. दाराबाहेर चपलांचा डोंगर, दिवाणखान्यात पुरुष, आणि दोघींना पुरेल अशा चिंचोळ्या स्वयंपाकघरात सात बायका. दाराला मण्यांचा पडदा. पडद्याच्या आत डोक्यावरचे रुमाल उतरत, पाय पसरत, रेंडांगच्या पातेल्यावर ओणवून वर्षभराचं सगळं बोलून व्हायचं. कुणाची सून कशी, कुणाच्या जावयाने काय केलं, कुणी किती अंग चोरलं. त्या स्वयंपाकघरात जिची उणीदुणी निघाली नाहीत अशी एकही नातेवाईक बाई सिंगापुरात उरली नव्हती. आणि या दरबाराची राणी होती साल्बियाह. डाव तिच्या हातात असायचा.

लिनने आणि तिच्या नवऱ्याने, फादलीने, पुंगोलला पाच खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हापासून साल्बियाहच्या छातीत एक काटा रुतून बसला होता. आज घर मोठं झालं. उद्या ती पहिला दिवस मागेल. परवा एमाकला मागेल. आणि एमाक गेली की बेडोकच्या फ्लॅटमध्ये उरणार कोण? शिलाई मशीन आणि पेपर वाचणारा झैनाल.

म्हणून पुढच्याच शनिवारी ती काम बघायला गेली. "सहज आले इकडून," म्हणाली. बेडोकहून पुंगोलला सहज कुणी जात नाही.

घर अजून उघडंबोडकं होतं. दारातून आत पाऊल टाकलं की थेट पलीकडच्या खिडकीपर्यंत नजर जायची. स्वयंपाकघराची भिंत गेली होती आणि तिच्याबरोबर शेजारच्या लहान खोलीचीही. सगळं मिळून एकच मोठा थोरला दिवाणखाना. फक्त एका बाजूला बॉम्बशेल्टरची, तिथल्या प्रत्येक नव्या फ्लॅटात असते ती जाडजूड काँक्रीटची कोठी, लोखंडी दाराची, जशीच्या तशी उभी होती. तिला हात लावायची कायद्याने कुणालाच मुभा नाही.

"इथं मधोमध ओटा येणार, आलोंग," लिन हात पसरून दाखवत होती. थोरलीला ती लहानपणापासून आलोंगच म्हणायची. "तिन्ही बाजूंनी मोकळा. मी भाजी चिरत असले तरी पाहुण्यांशी बोलता येईल. आणि इथं उंच स्टुलं. तिकडं सोफा, लांबलचक, कोपऱ्यातून वळणारा."

"आणि पडदे?" साल्बियाहने विचारलं. हा प्रश्न ती ट्रेनमध्ये बसल्यापासून जिभेवर घेऊन आली होती. दर ईदला अख्ख्या खानदानाच्या घरोघरी नवे पडदे लागायचे आणि ते सगळे तिच्या मशीनवरून जायचे. या वेळी तिने मनातल्या मनात कापडही निवडून ठेवलं होतं, हिरवं, सोनेरी वेलबुट्टीचं. पैसे घेणार नव्हतीच.

लिन जरा अडखळली. "पडदे नाहीत घेतले, आलोंग. ब्लाइंड आहेत. मोटरवरचे. फादलीनं आधीच ऑर्डर दिलीय."

"हो का. छान. धुवायला नकोत."

"तसं नाही गं."

"मी कुठं काय म्हटलं?"

ती खाली मान घालून फिरत राहिली, आणि मग तिला ते दिसलं. जमिनीवर, लहान खोलीची भिंत जिथे होती तिथे, वीतभर रुंदीची एक लांब पट्टी. बाकीच्या फरश्या मूळच्या, फिक्या बदामी. या पट्टीतल्या जरा पिवळसर. तशाच फरश्या आता मिळत नाहीत, म्हणून जवळच्या रंगाच्या बसवलेल्या. साल्बियाहला इतका आनंद झाला की तिला तो लपवायला खोकावं लागलं.

"हे असंच राहणार?"

"गालिचा टाकणार आहे त्याच्यावर," लिन म्हणाली.

"इथं खोली होती ना गं? ही लहानशी?"

"होती."

"मग?"

"पाडली." लिनने तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातून फोन काढून उगाच काहीतरी बघायला लागली.

परतीच्या ट्रेनमध्ये साल्बियाहच्या मनात दोन गोष्टी एकदमच उकळत होत्या. एक म्हणजे, बरं झालं. खोली नाही तर एमाकला नेऊन ठेवणार कुठे? एमाक आपलीच. दुसरी म्हणजे, बघा, कशी आहे ही! झोपायच्या तीन खोल्यांतली एक आईसाठी ठेवायची, तर ती पाडून स्टुलं मांडतेय. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिने दोन्ही ठेवून घेतल्या.

रमजानच्या तिसऱ्या आठवड्यात लिनचा फोन आला. एमाक तेव्हा समोरच बसून खजूर फोडून बिया काढत होती. फोन स्पीकरवर.

"आलोंग, या वर्षी पहिला दिवस माझ्याकडं करूया का? नवं घर आहे. जागाही आहे. तू दर वर्षी मर मर मरतेस."

"मी कधी तक्रार केलीय?"

"नाही गं, पण एकदा तरी."

साल्बियाहने एमाककडे पाहिलं. आता म्हातारी म्हणेल, नाही बाई, जिथं आहे तिथंच बरं. एमाकने खजुराची बी बशीत टाकली आणि म्हणाली, "जाऊ या की."

बस. अठरा वर्षांची गादी एका बीबरोबर बशीत पडली.

मग कपड्यांच्या रंगाचं आलं. दर ईदला अख्खं कुटुंब एकाच रंगात नटतं आणि तो रंग ठरवायचा मान साल्बियाहचा. गेल्या वर्षी जांभळा होता, त्याच्या आदल्या वर्षी मोरपिशी. या वर्षी ग्रुपवर लिननेच कापडाचा तुकडा टाकला. ना पांढरा, ना राखाडी, ना पिवळा. खाली लिहिलं होतं, ओटमील. भिंतींशी जुळतो, फोटो छान येतील.

"लापशी!" साल्बियाहने झैनालच्या नाकापुढे फोन नाचवला. "ईदला आम्ही लापशी नेसायची! ती पण शिळी!"

"उपास सोडतो तेव्हा लापशीच खातो की आपण," झैनाल म्हणाला.

"सोफ्याशी जुळायला पाहिजे म्हणे माणसांनी. बसलो तर दिसायचो तरी का आपण?"

शिवली तरीही. आपली, झैनालची, एमाकची. एमाकच्या बाहीला मात्र तिने बारीकशी मोरपिशी कड लावली. तेवढा बंडखोरपणा तिला करावाच लागला.

ईदच्या दिवशी साडेदहाला सगळे पुंगोलला पोचले. आणि खरं सांगायचं तर घर सुंदर होतं. इतकं सुंदर की साल्बियाह दारातच थबकली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिथे धूळ होती तिथे आता सकाळचं ऊन सरळ दारापासून खिडकीपर्यंत सांडलं होतं. मधला ओटा पांढरा, कडेला लाकडी. ओट्यावर लोंबणारे तीन दिवे. लांबलचक सोफा, त्यावर दहा माणसं बसली तरी तो रिकामाच वाटायचा. वस्तू थोड्या, पण प्रत्येक आपल्या जागी. साल्बियाहच्या घरी काचेच्या कपाटात बत्तीस बश्या, मक्केहून आणलेलं घड्याळ आणि प्लास्टिकची फुलं होती. इथे अख्ख्या भिंतीवर एकच फोटो. एमाकचा. तो तिला सगळ्यात जास्त टोचला.

"या अल्लाह, हॉटेलच!" मावस बहीण रोकियाह दारातून ओरडली. "आलोंग, बघ तरी! आपण तुझ्याकडं कोंबड्यांसारख्या कोंडून बसायचो!"

"कोंबड्या अंडी तरी द्यायच्या," साल्बियाह म्हणाली.

सगळे हसले. ती हसली नाही.

एमाकला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि एकेक जण तिच्यापुढे गुडघे टेकून माफी मागू लागला, कळत-नकळत जे झालं त्याची, वर्षभराची. मग धाकट्यांनी थोरल्यांची मागायची. लिन साल्बियाहसमोर बसली, तिचा हात कपाळाला लावला. "काही चुकलं असेल तर माफ कर, आलोंग." तिचा आवाज ओला होता.

"केलं, केलं," साल्बियाह म्हणाली आणि हात सोडवून घेतला. जिभेने माफ केलं. थोरलीला धाकटीची माफी मागावी लागत नाही, ते एक बरं होतं.

उठताना तिने पायाने गालिच्याची कड हळूच बाजूला सारली. पिवळसर पट्टी उघडी पडली. लिनने पुन्हा झाकली. अर्ध्या तासाने साल्बियाहने पुन्हा सारली.

जेवायच्या तयारीला बायका ओट्याभोवती जमल्या आणि मग गंमत सुरू झाली. कुणाला काही सुचेना. रुमाल काढता येईना, कारण दहा पावलांवर फादलीचे भाऊ आणि पुतणे सोफ्यावर. पाय पसरायला जागा भरपूर, पण पसरायचे कसे, सगळ्यांसमोर? रोकियाह स्टुलावर चढली आणि तिथून उतरता येईना म्हणून तशीच बसून राहिली. एमाक दोनदा म्हणाली, "उकडतंय गं मानेशी," आणि मग केव्हातरी उठून कुठे गेली, कुणी पाहिलं नाही. बोलायलाही कुणी धजेना. भाताचे केतुपात कापायचे, झावळीची वेष्टणं टाकायची, "मीठ दे", "पळी दे", एवढंच. साल्बियाहला वाटलं आपण परीक्षेला बसलोय.

तेवढ्यात लिनने सांबालच्या चटणीसाठी मिरच्या आणि कोळंबीचं उग्र बलाचान परतायला घेतलं. वास पसरू नये म्हणून तिने शेगडीवरची चिमणी सुरू केली आणि तळलेले बटाटे घेऊन दुसऱ्या टोकाला, पाहुण्यांकडे गेली. चिमणी नवीन, महागाची आणि अशी घोंघावणारी की विमानतळ आठवावा. त्या आवाजात बायकांना एकदम मोकळं वाटलं. जणू भिंत परत आली. अठरा वर्षांची सवय. तोंडं जवळ आली, आवाज चढले.

"काय गं आलोंग, इतकी गप्प का?" रोकियाहने चिमणीवरून ओरडून विचारलं. "तुला नाही आवडलं घर?"

साल्बियाहने परतणं हातात घेतलं होतं. मिरचीचा ठसका नाकात, तीन महिन्यांचा ठसका छातीत.

"घर? हे घर आहे?" तीही ओरडूनच बोलली. बोलावंच लागत होतं. "दुकान आहे फर्निचरचं! किमतीची चिठ्ठी तेवढी लावायची राहिलीय. आणि तुम्हाला माहितीय का, त्या गालिच्याखाली काय आहे? खोली होती तिथं. एमाकला राहता आलं असतं अशी खोली. ती पाडली हिनं. का पाडली? आईला ठेवून घ्यायला नको म्हणून! म्हातारीचं करायला मी आहेच बेडोकला. ही नुसता फोटो लावणार भिंतीला आणि—"

"आणि हे बघा," पलीकडे सोफ्यावर फादली आपल्या भावाला फोन दाखवत होता, "चिमणीसुद्धा इथनं बंद होते." त्याने बोट टेकवलं.

"—आणि सगळ्या जगाला दाखवणार की मीच लाडकी लेक! आईची खोली पाडून स्टुलं मांडणारी लेक!"

ही शेवटची दोन वाक्यं साल्बियाहने चिमणीला पुरून उरेल अशा आवाजात, चिमणी बंद असताना म्हटली. घरात भिंत नव्हती. शब्द सरळ निघाले आणि खिडकीच्या काचेपर्यंत जाऊन पोचले. वाटेत चाळीस माणसं होती.

कुणीतरी बशी खाली ठेवली, त्याचा आवाज झाला. लिन मध्यभागी उभी होती, हातात बटाट्यांची थाळी, नेमकी त्या पट्टीवर. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग त्या लापशी रंगाचाच झाला. तिने तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होती, आणि मग तिने ओठ घट्ट मिटून घेतले. थाळी ठेवली आणि पाठ फिरवून पेले पुसायला लागली. ते पुसलेलेच होते.

झैनाल उठून उभा राहिला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे काही विनोद नव्हता.

साल्बियाहला कुठेतरी जायचं होतं. पण जाणार कुठे? लपायला आडोसाच नव्हता. एक दार दिसलं, बॉम्बशेल्टरचं. तिने ते किलकिलं असलेलं जड दार ओढलं, आत शिरली आणि मागे लावून घेतलं.

आत एमाक होती.

तांदळाच्या पिशवीवर उशी टाकून म्हातारी ऐसपैस बसली होती. रुमाल काढून मांडीवर, पातळ पांढरे केस मोकळे, पाय सरळ पुढे पसरलेले, शेजारी एक छोटा पंखा फिरतोय आणि हातात केळ्याचं भजं.

"ये," एमाक म्हणाली. "दार लाव. या घरात एवढीच एक जागा आहे जिथं माणसाला माणसासारखं बसता येतं."

साल्बियाह दाराला टेकून उभी राहिली. "ऐकलंस?"

"दार उघडं होतं तेव्हा. पलीकडच्या ब्लॉकमध्येही ऐकलं असेल त्यांनी."

"खोटं बोलले का मी? सांग ना. खोटं का?"

एमाकने भजं खाऊन संपवलं, बोटं पुसली. "खोली लिननं नाही पाडली. मी पाडायला लावली."

"काय?"

"दोन नकाशे घेऊन आली होती माझ्याकडं. तू कापड आणायला गेली होतीस. एकात खोली होती. खिडकीशी पलंग, नमाजाला जागा, न्हाणीघरात धरायला दांडी, सगळं काढून घेतलं होतं तिनं त्या डिझायनर बाईकडून. दुसऱ्यात खोली नव्हती. म्हणाली, एमाक, पहिलाच करायचाय मला, नुसती हो म्हण. मी म्हटलं, दुसरा कर."

"का पण?"

"का?" एमाकने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "ती मला चपला घेऊन आली होती, आठवतंय? मऊ तळाच्या. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग तशाच चपला तू आणल्यास, महाग. एकदा तिच्याकडं जेवून आले तर विचारलंस, काय केलं होतं, किती वाढलं, पुन्हा कधी बोलावलंय. मी म्हटलं, या घरात माझ्या नावाची खोली उभी राहिली की माझी थोरली झोपायची नाही. मी इकडं दोन घटका आले तरी तिला वाटणार, गेली, आता परत येत नाही. एकोणऐंशी वर्षांची झाले मी, साल. मला दोन्हीकडं जेवायचंय. कुणाकडं जेवले याचा जबाब नाही द्यायचा."

साल्बियाहने वाकून पंख्याचं तोंड आईकडे वळवलं.

"रडली ती," एमाक म्हणाली. "नकाशा घडी करून पर्समध्ये ठेवला. मी तिला बजावलं, आलोंगला यातलं काही कळता कामा नये, तिला लागेल. म्हणून आत्तासुद्धा तोंड मिटून उभी राहिली असेल बघ. राहिलीय ना?"

पुसलेले पेले पुसणारी लिन साल्बियाहच्या डोळ्यांपुढे आली. तिला खरोखर लाज वाटली. आणि लाजेच्या तळाशी, काय सांगावं, तिथेही तो काटा होताच. पहिला नकाशा. खिडकीशी पलंग. दांडी. हे आपल्याला का नाही सुचलं? बेडोकच्या न्हाणीघरात एमाक अठरा वर्षं बादलीच्या काठाला धरून उठत होती.

"हो म्हणायचंस की," ती अखेर म्हणाली. "राहिली असतीस कधीमधी. मी काय तुला बांधून ठेवलं होतं?"

एमाक तिच्याकडे नुसती पाहत राहिली. त्या नजरेपुढे साल्बियाहला स्वतःचा प्रश्न स्वतःलाच ऐकवेना.

"भजं खा," एमाक म्हणाली.

साल्बियाहने भजं घेतलं नाही. पर्समध्ये हात घालून तिने पडदे मोजायची लांब टेप काढली, तिच्या पर्समध्ये ती कायम असायची, आणि दार ढकललं.

बाहेर सगळे पुन्हा बोलत असल्याचं नाटक करत होते. लिन शेगडीपाशी होती. अर्धवट राहिलेला सांबाल तिने पुन्हा आचेवर ठेवला होता आणि चिमणी जोरात घोंघावत होती. साल्बियाह तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आदिक," ती पुटपुटली. धाकटीला लहानपणी ती हेच म्हणायची; गेल्या वीस वर्षांत म्हटलं नव्हतं. "माझं चुकलं."

"काय?" लिनने मान वळवली नाही. "ऐकू येत नाही, आलोंग. चिमणी चालू आहे."

साल्बियाहने सोफ्याकडे पाहिलं. चाळीस डोकी, सगळी तिकडेच वळलेली आणि सगळी दुसरीकडे बघतोय असं दाखवणारी. चिमणीच्या आवाजात तिच्या कानाशी बोलून टाकता आलं असतं. लिनला ऐकू गेलं असतं, बाकी कुणाला नाही, झाकली मूठ झाकलेली राहिली असती. तिने हात वर केला आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.

घर गप्प झालं.

"माझं चुकलं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "खोलीचं कारण मला एमाकनं सांगितलं. ती खोली माझ्यापायी पाडली गेली. मी जळते तुझ्यावर. लहानपणापासून नाही, पण बरीच वर्षं झाली. माफ कर मला, आदिक."

लिनच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. थोरली धाकटीची माफी मागतेय हे त्या घराण्यात आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. रोकियाह स्टुलावरून उतरली.

साल्बियाह मात्र तोवर ओट्याला वळसा घालून पलीकडे गेली होती. तिने गालिचा गुंडाळून बाजूला केला, गुडघ्यावर बसली, टेपचं एक टोक पिवळसर पट्टीच्या सुरुवातीला अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं लिनकडे फेकलं.

"धर. त्या टोकाला."

"कशाला, आलोंग?"

"पडदा लागेल इथं. छतापासून जमिनीपर्यंत, जाड, सरकता. आतल्या बाजूला खिडकीशी पलंग मावतोय, मघाशीच बघितलं मी. आणि न्हाणीघरात दांडी बसवून घे." पुढचं वाक्य बाहेर यायला तयार नव्हतं. तिने ते ओढून काढलं. "एमाक आज रात्री इथं राहील. राहील तितके दिवस राहील."

लिनने टेपचं टोक धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला आकडा दिसत नव्हता.

"किती?" साल्बियाहने विचारलं.

"नऊ फूट... नऊ फूट चार."

"दुप्पट धर, चुण्या पडायला पाहिजेत. आणि रंग माझा. लापशी चालणार नाही."

"हिरवा?" लिनने नाक ओढत विचारलं.

"हिरवा," साल्बियाह म्हणाली. "सोनेरी वेलबुट्टीचा. कापड घरात आणून ठेवलंय मी कधीचं."

बॉम्बशेल्टरचं दार किलकिलं झालं आणि रुमाल बांधत एमाक बाहेर आली. दोन्ही लेकी पट्टीच्या दोन टोकांना गुडघ्यावर बसलेल्या होत्या. म्हातारीने दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आज मी जेवायचं कुणाकडं?"

साल्बियाहने मान खाली घातली आणि टेप गुंडाळायला लागली. "इथं," ती म्हणाली.